टाळेबंदीतल्या बेकायदा रेव्ह पार्ट्या : क्लबांना कुलूप लागलं, नाच कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे : कोविडच्या काळात ब्रिटन, फ्रान्स आणि आसपासच्या देशांत बेकायदा रेव्ह पार्ट्या, म्हणजे रानात नाहीतर रिकाम्या गोदामात स्पीकर लावून रात्रभर चालणारे विनापरवाना नाच, अचानक इतक्या का वाढल्या? तरुणांची बेफिकिरी एवढंच त्याचं कारण होतं का? जबर दंड लावून काही साधलं का? आणि अशा ठिकाणी एखाद्याची तब्येत बिघडली तर सोबतच्यांनी नेमकं काय करायचं?

मी ब्रिटनमध्ये रात्रीच्या संगीत कार्यक्रमांमध्ये वैद्यकीय मदतीचं काम करते. क्लब, मोठे महोत्सव, रात्रभर चालणारे परवानाधारक कार्यक्रम हे माझं कार्यक्षेत्र. त्यामुळे माझं उत्तर पोलिसांच्या किंवा समाजशास्त्रज्ञांच्या नजरेतून येणार नाही. पहाटे तीन वाजता कुणी कोसळलं तर त्याच्यापर्यंत कोण आणि किती वेळात पोहोचतं, या एका गोष्टीवरून मी सगळं मोजते. त्या मापाने पाहिलं तर महामारीतल्या रेव्ह पार्ट्यांमधला सर्वांत मोठा धोका गर्दीचा नव्हता. तिथे जमलेल्यांना मदत मागण्याची भीती वाटत होती, हा सर्वांत मोठा धोका होता. ही भीती काही अंशी आपण, म्हणजे व्यवस्थेने, तयार केली.

आधी काय घडलं ते पाहू. ब्रिटनमधले नाइटक्लब २० मार्च २०२० ला बंद झाले आणि इंग्लंडमध्ये ते उघडले थेट १९ जुलै २०२१ ला. म्हणजे जवळजवळ सोळा महिने. ग्लास्टनबरीसकट उन्हाळ्यातले सगळे मोठे महोत्सव रद्द झाले. टाळेबंदीचे पहिले काही आठवडे लोकांनी नियम खरोखर पाळले. मग मे महिन्यात ऊन पडायला लागलं आणि उद्यानांतून, रानांतून, कालव्यांच्या कडेने स्पीकर वाजायला लागले. १३ जून २०२० च्या रात्री ग्रेटर मँचेस्टरमध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी, डेझी नुक कंट्री पार्क आणि कॅरिंग्टन इथे, मिळून सुमारे सहा हजार लोक जमले. डेझी नुकमध्ये वीस वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला, अमली पदार्थाच्या अतिसेवनाचा संशय होता. कॅरिंग्टनमध्ये तिघांना भोसकलं गेलं आणि एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. एका रात्रीत. विषाणूचा हिशेब यात अजून धरलेलाही नाही.

पुढच्या महिन्यात बाथजवळच्या चार्मी डाऊन या जुन्या विमानतळावर सुमारे तीन हजार लोक जमले. ऑगस्टच्या अखेरच्या सुट्टीत दक्षिण वेल्समधल्या बानवेन या छोट्या गावाच्या माळावर पुन्हा तेवढेच. लंडन पोलिसांनी ऑगस्टमध्ये सांगितलं की जूनच्या अखेरीपासून त्यांना हजाराहून अधिक विनापरवाना कार्यक्रमांकडे धाव घ्यावी लागली होती. फ्रान्समध्ये त्याच ऑगस्टात लोझेर जिल्ह्यातल्या एका पठारावर, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, दहा हजारांपर्यंत लोक गोळा झाले. बर्लिनमध्ये हासेनहाइडे उद्यानात जुलैच्या रात्री हजारोंची गर्दी होती.

हे आकाशातून पडलं नव्हतं. ब्रिटनमध्ये रानातल्या पार्ट्यांची परंपरा १९८८-८९ पासूनची आहे. तेव्हा क्लब रात्री दोनला बंद व्हायचे आणि उरलेली रात्र रिकामी असायची. लंडनभोवतीच्या एम-२५ या वर्तुळाकार महामार्गालगतच्या शेतांत, गोदामांत लोक जमायचे. एक फोन नंबर तोंडोतोंडी पसरायचा, रात्री उशिरा त्यावर ध्वनिमुद्रित निरोपातून ठिकाण कळायचं आणि गाड्यांचा ताफा निघायचा. सरकारने १९९० मध्ये विनापरवाना कार्यक्रमांसाठी वीस हजार पौंडांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आणली. तरी मे १९९२ मध्ये वूस्टरशायरमधल्या कॅसलमॉर्टन कॉमनवर आठवडाभर वीस ते चाळीस हजार लोक राहिले. त्यातून असे जमाव हटवण्यासाठीचा १९९४ चा कायदा जन्मला. त्याच्या कलम ६३ मध्ये रेव्हच्या संगीताची ‘एकामागोमाग एक येणाऱ्या, पुनरावृत्त ठेक्यांचं संगीत’ अशी व्याख्याच घालून ठेवली आहे. सुरुवातीला हे कलम शंभर जणांच्या जमावाला लागू होतं, २००३ मध्ये ती मर्यादा वीसवर आणली. ज्यांच्यावर या सगळ्याचा रोख होता त्यांच्यातले बरेच जण, स्पायरल ट्राइब हा गट त्यांत ठळक, आपले ट्रक घेऊन युरोपात निघून गेले आणि फ्रान्समध्ये तंबू ठोकून दिवसेंदिवस चालणाऱ्या टेक्नो जत्रांची प्रथा त्यांनी रुजवली.

म्हणजे २०२० मध्ये कुणाला नव्याने काही शोधावं लागलं नाही. जनरेटर कुठून आणायचा, स्पीकरची भिंत कशी रचायची, एकेरी रस्ता असलेलं पण हमरस्त्याजवळचं रान कसं निवडायचं, हे जाणणाऱ्या माणसांची एक अखंड साखळी होती. शिवाय क्लब आधीच कमी झाले होते. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये ३,१४४ नाइटक्लब होते, २०१५ मध्ये १,७३३ उरले. वाढतं भाडं, नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारी, परवान्यांची कटकट. महामारीने उरलेल्यांनाही कुलूप लावलं. ध्वनियंत्रणा भाड्याने देणारे, प्रकाशयोजना करणारे, डीजे, दारावरचे सुरक्षारक्षक असे सगळे घरी बसले. त्यांपैकी अनेक जण कंत्राटी किंवा नुकतेच स्वतंत्र कामाला लागलेले, त्यामुळे सरकारी पगारसाहाय्याच्या जाळ्यातून निसटले. लाखाची यंत्रणा गोदामात धूळ खात पडलेली, घरभाडं थकलेलं, आणि फोनवर रोज विचारणा. याने कायदा मोडणं योग्य ठरत नाही. पण माणसं कोणत्या परिस्थितीतून तिकडे वळली हे न पाहता ‘बेफिकिरी’ हा एकच शिक्का मारणं मला पटत नाही.

दुसरं कारण न्यायबुद्धीचं होतं आणि ते तरुणांच्या बोलण्यात वारंवार यायचं. जूनच्या अखेरीस बोर्नमथच्या किनाऱ्यावर इतकी गर्दी लोटली की तिथल्या प्रशासनाला आणीबाणीची स्थिती जाहीर करावी लागली. ४ जुलैला इंग्लंडमधले पब उघडले. ऑगस्टमध्ये तर सरकार लोकांच्या हॉटेलातल्या बिलाचा निम्मा भाग स्वतः भरत होतं, बाहेर जाऊन खा म्हणून. छताखाली, मास्क काढून जेवायला सरकारी सवलत, आणि उघड्या आकाशाखाली नाचायला दंड. विज्ञान काय सांगत होतं? मोकळ्या हवेत संसर्ग खूप कमी होतो. पुढे झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात बाहेर झालेले संसर्ग एकूण संसर्गांच्या दहा टक्क्यांहून कमी निघाले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना ही विसंगती कळत नव्हती असं समजणं चूक होतं. नियम आतून सुसंगत नसतील तर सर्वांत आधी तेच लोक ते सोडतात ज्यांना आजाराची भीती सर्वांत कमी असते.

इथे एक फरक केलाच पाहिजे. ‘रेव्ह’ या एका नावाखाली तेव्हा निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी चालल्या होत्या. एक, जुन्या फ्री-पार्टीवाल्यांच्या रानातल्या पार्ट्या : प्रवेश फुकट, सकाळी कचरा गोळा करून जायचं, एकमेकांकडे लक्ष ठेवायचं ही रीत. या मंडळींतल्या कितीतरी गटांनी २०२० मध्ये स्वतःहून यंत्रणा बंद ठेवली. दोन, शहरी वस्त्यांमधले रस्त्यावरचे जमाव, ज्यांत शेजारपाजारचेच लोक असायचे. आणि तीन, नवे धंदेवाईक आयोजक. स्नॅपचॅटवर जाहिरात, तिकिटाचे पैसे आधी, ठिकाणाची खूण नकाशावर शेवटच्या तासाला, आणि आत गेल्यावर पाणी नाही, शौचालय नाही, बाहेर पडायला एकच दार. मारामाऱ्या, चाकू, लैंगिक अत्याचार यांची सर्वाधिक भीती मला या तिसऱ्या प्रकारात वाटते, कारण तिथे कुणीच कुणाला ओळखत नाही आणि आयोजक पैसे घेऊन मध्यरात्रीच पसार झालेला असू शकतो. बातम्यांमध्ये मात्र तिन्हींना एकच मथळा मिळाला.

उन्हाळा संपला आणि पार्ट्या छताखाली गेल्या. माझ्या मते खरा अनर्थ इथून सुरू झाला आणि त्याबाबत मला कुणाचीही बाजू घ्यायची नाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला ब्रिस्टलजवळच्या येट इथल्या एका गोदामात सुमारे सातशे लोक होते. ३१ डिसेंबरला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, लिउराँ या गावातल्या रिकाम्या गोदामांमध्ये सुमारे अडीच हजार लोक घुसले. पोलिसांवर दगड-बाटल्या फेकल्या गेल्या, त्यांची एक गाडी पेटवली गेली, आणि पार्टी २ जानेवारीच्या सकाळपर्यंत चालली. त्याच रात्री बार्सिलोनाजवळ लिनार्स देल वायेस इथेही तीनशेच्या आसपास लोक एका गोदामात होते, तीही जवळपास दोन दिवस चालली. तेव्हा लस नुकतीच कुठे सुरू झाली होती आणि रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या.

बेकायदा गोदामातली पार्टी कशी असते हे वाचकाला नीट दिसावं म्हणून एक तपशील सांगते. आवाज आणि उजेड बाहेर गेला तर पोलीस येतात. म्हणून आयोजकाचं पहिलं काम असतं खिडक्या बुजवणं. प्लायवूड, जुन्या गाद्या, काळं प्लास्टिक, मिळेल ते. वरचे धूर जाण्याचे झरोकेसुद्धा. मालवाहू शटर खाली ओढून घ्यायचं आणि लोकांना बाजूच्या एका अरुंद दाराने आत सोडायचं. आत शेकडो लोक तासन् तास जोरात श्वास घेत, ओरडत, घाम गाळत नाचतात. भिंतींवरून अक्षरशः पाणी ओघळतं. संगीताच्या आवाजात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. हवेतून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमणार नाही. आणि ही रचना कुठून आली? पकडलं जाऊ नये या गरजेतून. परवानाधारक क्लबमध्ये याच्या बरोबर उलट चालतं : ताजी हवा खेचणारी यंत्रणा तपासलेली असते, माणसांची संख्या दारावर मोजली जाते, आणीबाणीची दारं आतून ढकलताच उघडतील अशी ठेवावी लागतात. त्याच गोदामात जनरेटर आत किंवा दाराला लागून ठेवला असेल तर कार्बन मोनॉक्साइडचाही धोका. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आजूबाजूचे म्हणतात, जास्त झाली असेल.

आता दंडाबद्दल. २८ ऑगस्ट २०२० पासून इंग्लंडमध्ये तीसपेक्षा जास्त लोकांचा बेकायदा जमाव भरवणाऱ्याला दहा हजार पौंडांचा दंड लागू झाला. जानेवारी २०२१ मध्ये घरात पंधरापेक्षा जास्त लोक जमले तर हजर असणाऱ्या प्रत्येकाला आठशे पौंड, आणि दर वेळी दुप्पट होत ६,४०० पर्यंत. बानवेन आणि येटच्या आयोजकांवर दहा हजारांचे दंड बसले. मोठ्या, उघड जाहिरात करणाऱ्या आयोजकांना याने चाप बसला, हे मी मान्य करते. दहा हजार पौंड म्हणजे सगळा नफा आणि वर यंत्रणाही जप्त.

पण दंड ज्या क्षणी हजेरी लावणाऱ्यांवर आला, त्या क्षणी आमच्या कामाचा पायाच हलला. कल्पना करा : रानात पहाटे एक मुलगी थरथरतेय, तिचं अंग तापलंय, ती काहीबाही बरळतेय. तिच्या मैत्रिणीच्या हातात फोन आहे. ९९९ या ब्रिटनमधल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिकेच्या मागून पोलीस येतील, सगळ्यांना दंड होईल, विद्यापीठाला कळेल, आणि जमलेले लोक तिला दोष देतील की तुझ्यामुळे पार्टी बंद झाली. ती पाच मिनिटं थांबते. मग आणखी दहा. अंगाचं तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या माणसाकडे ही मिनिटं नसतात. अशी चालढकल मी परवानाधारक ठिकाणीसुद्धा पाहिली आहे, जिथे आमचा तंबू वीस पावलांवर असतो आणि कुणाला काही शिक्षा होणार नसते. दंडाच्या भीतीखाली ती किती वाढली असेल याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं.

विषाणूच्या बाबतीतही हाच घोळ. संपर्कशोधाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो : बाधित माणसाने खरं सांगावं की मी कुठे होतो आणि कुणासोबत होतो. बेकायदा पार्टीला गेलेला कोण हे सांगेल? त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ठरलं की कुणाला विलगीकरणात राहायला सांगितलंय ही माहिती पोलिसांना प्रकरणागणिक मिळू शकेल. त्या निर्णयाने आरोग्ययंत्रणा आणि पोलीस यांच्यातली भिंत पातळ झाली. डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हाच चिंता व्यक्त केली होती आणि ती रास्त होती.

याउलट सोलचं उदाहरण बघा. मे २०२० च्या सुरुवातीला तिथल्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून साथ पसरली. त्यांतल्या काही क्लबांत समलिंगी लोक जायचे, माध्यमांनी ते मोठ्याने छापलं, आणि तपासणीला पुढे येणं म्हणजे घरी आणि कामाच्या ठिकाणी उघडं पडणं अशी भीती पसरली. नगर प्रशासनाने मग निनावी तपासणी सुरू केली : नाव नको, फक्त फोन नंबर द्या. लोक पुढे आले, तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. दुसऱ्या बाजूने मोबाइल टॉवरच्या नोंदींतून त्या भागात असलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची यादीही काढली गेली, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही. पण निनावी तपासणीचा धडा स्पष्ट होता आणि तो युरोपात कुणी फारसा उचलला नाही. अपवाद म्हणावा तर लोझेरचं पठार. तिथल्या प्रशासनाने हजारो लोकांना बळाने हुसकावण्याऐवजी रस्त्यांवर बंदोबस्त लावला, आणि मास्क व तपासणीची सोय उभी केली. पठारावरच्या शेतकऱ्यांचा संताप त्यामुळे कमी झाला नाही. त्यांची कुरणं तुडवली गेली होती, त्यांची बाजूही खरी होती. लिउराँच्या बाबतीत प्रांतीय आरोग्ययंत्रणेने सहभागी लोकांना सात दिवस विलगीकरणात राहण्याचं आवाहन केलं. मात्र एकीकडे हजाराहून अधिक दंडाच्या पावत्या फाडल्या जात असताना ते आवाहन किती कानांपर्यंत गेलं असेल?

पोलिसांबद्दल लोक एक प्रश्न हमखास विचारतात : पार्टी सुरू आहे हे कळल्यावर ते लगेच बंद का करत नाहीत? त्याला व्यावहारिक कारण आहे. अंधारात, नशेत असलेल्या दोन-तीन हजार लोकांना एकदम पांगवलं तर ते गाड्या चालवत अरुंद रस्त्यांवर येतात, किंवा खाणीत, ओढ्यात, रेल्वेमार्गावर जातात. म्हणून अनुभवी अधिकारी आधी नवे येणारे रोखतो, रुग्णवाहिकेसाठी एक मार्ग मोकळा ठेवतो आणि उजाडल्यावर यंत्रणा जप्त करतो. शेजाऱ्यांना हे दुर्बलपणाचं वाटतं. जून २०२१ मध्ये फ्रान्सच्या रेदोन गावाजवळ उलट झालं. पोलिसांनी रात्री बळ वापरून जमाव हटवायला सुरुवात केली, तासन् तास अश्रुधूर आणि दगडफेक चालली, दोन्हीकडचे लोक जखमी झाले आणि बावीस वर्षांच्या एका तरुणाचा हात गेला. एका नाचासाठी हात.

मग महामारीत नाचाचं करायचं तरी काय होतं? ‘दोन वर्षं थांबा’ हे उत्तर कागदावर ठीक आहे. तीव्र लाटेत, रुग्णालयं भरलेली असताना, तेच एक उत्तर असतं आणि तेव्हा मीही तेच म्हणत होते. पण २०२० च्या उन्हाळ्यात दोन लाटांच्या मधे काही महिने मोकळे होते. त्या काळात मोकळ्या हवेतल्या छोट्या, मर्यादित संख्येच्या कार्यक्रमांना तात्पुरता परवाना देता आला असता. बर्लिनमध्ये क्लबमालकांच्या संघटनेने हेच मागितलं, आणि तिथल्या अर्थमंत्र्यांनी शहरातल्या प्रभागांना मोकळ्या जागा द्यायला सुचवलंही. काम फार हळू पुढे सरकलं. तोवर हासेनहाइडेची गर्दी झालेली होती.

पुढे झालेले प्रयोग बघितले की काय शक्य होतं ते कळतं. डिसेंबर २०२० मध्ये बार्सिलोनाच्या साला अपोलोमध्ये तपासणी करून, मास्क लावून, हवा खेळती ठेवून एक मैफल झाली, त्यात आत गेलेल्यांपैकी कुणालाही संसर्ग झालेला आढळला नाही. मार्च २०२१ मध्ये त्याच शहरात पाच हजार लोकांचा कार्यक्रम झाला. ३० एप्रिल आणि १ मे २०२१ ला लिव्हरपूलच्या गोदीतल्या एका गोदामात रोज तीन हजार लोक, आधी तपासणी करून, मास्कशिवाय नाचले. गोदाम आणि गर्दी तीच. फरक दारावरच्या नोंदीचा आणि मोकळ्या झडपांचा.

मी फक्त माझ्या सोयीचे दाखले देतेय असं वाटू नये म्हणून उत्रेख्तबद्दलही सांगते. नेदरलँड्समध्ये २६ जून २०२१ ला रात्रीचं जग उघडलं. ३ आणि ४ जुलैला उत्रेख्तमध्ये व्हर्क्निप्ट या महोत्सवात सुमारे वीस हजार लोक आले, सगळे प्रमाणपत्र दाखवून. त्यांपैकी हजाराच्या वर लोक नंतर बाधित निघाले. मोकळ्या जागेतला, पूर्ण कायदेशीर कार्यक्रम. चूक नियमांत होती : चाळीस तासांपूर्वीची तपासणी चालत होती, आणि एका मात्रेची लस घेतली की त्याच दिवशी प्रवेश मिळत होता, शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायच्या आधीच. १० जुलैला क्लब पुन्हा बंद झाले आणि दोनच दिवसांनी पंतप्रधानांनी घाईबद्दल माफी मागितली. फजितीच ती. तरीही माझ्या दृष्टीने त्यात एक मोलाची गोष्ट आहे : तो आकडा माहीत झाला. कोण आलं होतं ते ठाऊक होतं, म्हणून त्यांना गाठता आलं आणि नेमकी चूक कुठे झाली ते आठवड्याभरात कळलं. लिउराँच्या गोदामातून किती जणांनी घरी काय नेलं, हे कधीच कुणाला कळणार नाही.

क्लब उघडल्यावर एक परिणाम मागे राहिला. त्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण त्यामुळे अजूनही माणसं दगावू शकतात. २०२१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या महोत्सवांत द लूप या संस्थेने अमली पदार्थांचे नमुने तपासले, तेव्हा एमडीएमए (‘एक्स्टसी’ या गोळ्यांमधला अमली पदार्थ) म्हणून विकलेल्या नमुन्यांपैकी ४५ टक्क्यांत एमडीएमए नव्हतंच. २०१९ मध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. त्याऐवजी कॅफीन किंवा कॅथिनोन गटातली कृत्रिम उत्तेजकं. यातली काही हवा तो परिणाम देत नाहीत, म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो, मग आणखी एक, आणि तीन दिवस झोप लागत नाही, भास होतात. त्यात दीड वर्ष नाच आणि नशा दोन्हींपासून दूर राहिलेली शरीरं, आणि टाळेबंदीत अठरा वर्षांची झालेली एक अख्खी पिढी. या मुलांनी कधी नीट चालवलेला क्लब पाहिलाच नव्हता. पाणी कुठे मागायचं, मदत-कक्ष म्हणजे काय, सोबतच्याला एकटं का सोडायचं नाही, हे जुन्या मंडळींकडून बघून शिकायचं असतं. त्यांची पहिली शाळा बुजवलेल्या खिडक्यांचं गोदाम ठरली.

इटलीने २०२२ मध्ये, हॅलोविनच्या वेळी मोदेनाजवळच्या एका मोठ्या रेव्हनंतर, आयोजकांना तीन ते सहा वर्षं कैदेची तरतूद केली. शिक्षा वाढवून आयोजक कमी होतील, हे शक्य आहे. पण जे उरतील ते अधिक आडबाजूला, अधिक बंदिस्त जागी जातील, हे १९९४ नंतरच्या सगळ्या अनुभवावरून मी ठामपणे म्हणते.

आता शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोबतचा माणूस कोसळला तर काय करायचं.

अंग भट्टीसारखं तापलेलं, जबडा आवळलेला, गोंधळलेला, स्नायू ताठ : ही तातडीची स्थिती आहे. नाच थांबवा, मोकळ्या हवेत न्या, जादा कपडे काढा, मान, काखा, जांघा ओल्या कापडाने गार करा, आणि फोन लावा. शुद्धीत असेल तर पाणी घोटघोट द्या. बाटल्यांवर बाटल्या पाजू नका. एमडीएमए घेतल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम खाली येतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. सतत नाचणाऱ्यालाही तासाला अर्धा लिटर पुरतं. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली, आणि एका माणसाने तिथून हलायचं नाही. श्वास थांबला किंवा मधूनमधून घरघर येतेय, तर छाती दाबायला सुरुवात करा, फोनवरचा माणूस मोजून देईल. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं समजून ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत गाडीत टाकून ठेवू नका. अनेक मृत्यू अशा झोपेत होतात.

रानाला पत्ता नसतो. फोन करण्याआधी नकाशावरचं नेमकं ठिकाण उघडून ठेवा, हमरस्त्यापासून आत कुठून वळायचं ते सांगा, आणि दोघांना तिठ्यावर उभं करा, मोबाइलचा उजेड दाखवत. अरुंद रस्ता गाड्यांनी अडला असेल तर त्या आधी हलवायला लावा. रुग्णवाहिका अडकते ती बहुतेक तिथेच. आणि आलेल्या पॅरामेडिकला खरं सांगा : काय घेतलं, किती, किती वाजता, सोबत दारू होती का. उरलेली गोळी किंवा पुडी असेल तर दाखवा. रुग्णवाहिकेतली माणसं पोलीस नाहीत, त्यांना ती माहिती हवी असते ती औषध ठरवायला, आणि तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत ती देणारं त्या क्षणी तुमच्याशिवाय कुणी नसतं.